एकटा असता तर गोल

आमच्या गावात कोणी विहिरीत पडलं, कोणाला पान लागलं म्हणजे साप चावला, कोणी फास घेतला, की पोलिस पाटलाचा माणूस शाळेच्या दारात येऊन उभा राहायचा. "गुरुजी, पंच म्हणून चला." काहून, तर गुरुजीची सही सुंदर. बाकीच्यांचे अंगठे. कागदावर एक तरी शिकलेली सही पाहिजे, असं जमादाराचं म्हणणं. अशा अकरा पंचनाम्यांवर माझी सही हाये. दहा मी वाचले बी न्हाईत. अकरावा मात्र वाचला, अन् वाचून सही केली.

मी भिवाजी. तीस वर्षं विज्ञान शिकवलं, औंढ्याहून जीपनं अर्ध्या तासावरच्या या गावात. शाळेत शुद्ध बोलायचो, घरी हे असं. तापट म्हणून माझं नाव. कोरा पेपर देणाऱ्या पोराला तर मी सोडायचोच न्हाई. अरे, चुकीचं लिही, पण लिही! प्रश्न समोर हाये अन् तू तोंड शिवून बसतो? हात पुढं कर. सपासप दोन छड्या.

शीतलला कधी छडी बसली न्हाई. ती इतकी बोलायची की मलाच म्हणावं लागायचं, "बये, जरा दम खा." वाडीवरून तीन किलोमीटर चालत शाळेत यायची. बाप लहानपणीच गेलेला. माय चतुराबाई लोकाच्या रानात निंदायला जायची, घरी चार कोंबड्या पाळायची. शीतल नववीत व्हती तवाची गोष्ट, शहाण्णव साल. तवा आमचा जिल्हा परभणीच व्हता.

एका रविवारच्या पेपरात रंगीत फोटो आला. अवकाशातल्या दुर्बिणीनं काढलेला, मरून राहिलेल्या ताऱ्याचा. मी तो कापून वर्गात नेला. म्हणालो, याला ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. नावावर जाऊ नका, ग्रहाचा काही संबंध न्हाई. जुन्या लोकांना लहान दुर्बिणीतून ग्रहासारखी गोल चकती दिसली अन् ते नाव चिकटलं. आपल्या सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की अंगावरचे थर बाहेर टाकतो. थर पसरत जातात, अन् मधी उरलेला गाभा त्यांना उजेड देतो. झालं, लिहून घ्या.

"सर," शीतल उभी राहिली, "सगळीकडं सारखे थर टाकले तर गोल व्हायला पाहिजे. हा असा काहून?"

फोटोत डमरू व्हता. दोन घंटा एकमेकींना पाठ लावून ठेवाव्या तसा, मधी कंबर आवळलेली. मला उत्तर येत नव्हतं. मी खेकसलो, "खाली बस." ती बसली, पण शनिवारी मीच परभणीला गेलो अन् कॉलेजच्या एका प्राध्यापकाला गाठलं. एका पोरीच्या प्रश्नासाठी एष्टीचे धक्के खात गेलो, तेवढं एक काम मी आयुष्यात बराबर केलं.

सोमवारी वर्गाला सांगितलं. तारा एकटा असता तर थर चारी अंगांनी सारखे गेले असते, गोल झाला असता. कंबर आवळलीय, म्हणजे बहुतेक अगदी जवळ दुसरा कोणीतरी हाये. जोडीचा तारा. त्यानं फिरता फिरता कमरेभोवती धुराळ्याचा जाड पट्टा जमवला. मंग बाजूनं वाटच उरली न्हाई. नंतर जे निघालं ते वर अन् खाली गेलं. शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू हाये, पण लई जणांचं म्हणणं हेच.

"तो दुसरा दिसतो का सर?"

"लई वेळा दिसत न्हाई. पण आकारावरून कळतं."

या वाक्यानं त्या पोरीला पार वेड लावलं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ती मायच्या कोंबड्या झाकायची दोन डाली घेऊन आली. बांबूची, वर निमुळती, खाली पसरट. शेंड्याला शेंडा सुतळीनं बांधला, वरून लाल जिलेटीनचा कागद लावला, मधी बॅटरीचा बल्ब. बाजूनं पाहिलं तर डमरू. मंग तिनं ते माझ्याकडं फिरवलं अन् तोंडातून पाहायला लावलं. आतून नुसतं गोल कडं दिसून राहिलं.

"सर, अंगठीसारखे बी फोटो असतात म्हणून तुमी म्हणला व्हता ना? त्यातले काही हेच असतील. आपण तोंडाकडून पाहून राहिलो म्हणून गोल दिसतात. आपल्याला उठून बाजूला जाता येत न्हाई ना."

हे मी शिकवलं नव्हतं. प्राध्यापकानं बी सांगितलं नव्हतं.

अन् राखेचा प्रयोग तर तिचाच. शाळेच्या फरशीवर चुलीची राख चाळून ढीग घातला, फुंकणी वरून उभी धरली अन् जोरात फुंकलं. राख चारी बाजूंना पसरली, गोल. मंग पुन्हा ढीग घातला. मला म्हणाली, "सर, तुमी बसा इथं. ढिगाच्या दोन्ही अंगांना पाय ठेवा." पोरी तोंडाला हात लावून हसून राहिल्या. मी बसलो. तिनं फुंकलं. राख पुढं गेली अन् मागं गेली, बाजूला माझे पाय.

"आता उठून जा सर."

मी उठलो. राखेचा डमरू पडलेला, अन् कमरेजवळ दोन्हीकडं पावलाएवढी कोरी जागा.

"पाहा गं," ती पोरींना म्हणाली, "सर गेले. आता कोणालाच दिसत न्हाईत. पण इथं कोणीतरी व्हतं, हे राखेनं सांगितलं का न्हाई?"

औंढ्याच्या प्रदर्शनात परीक्षकानं विचारलं, "काय गं, कोंबड्याचं डालं घेऊन आली का?" बक्षीस ज्वालामुखीला गेलं, तो दरवर्षीच जातो. परतताना जीपमधी ती फुगून बसली व्हती. मी समजूत काढायला गेलो तर म्हणाली, "जाऊ द्या सर, त्या परीक्षकाला तोंडाकडून बी दिसत न्हाई अन् बाजूनं बी." मी इतका हसलो की ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं.

बारावी झाल्यावर चतुराबाईनं तिचं लग्न करून दिलं. आमच्याच गावात, संतरामच्या घरी. संतराम म्हणजे चाळीस एकराचा धनी अन् शाळा समितीचा अध्यक्ष. पोरगा माऊली, सासू मिराबाई. लोक म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. तीन वर्षं झाली, लेकरू झालं न्हाई. गावात कुजबुज सुरू झाली, माऊलीची दुसरी करणार. एकदा ती हापशावर दिसली. वाळली व्हती. मी विचारलं, "काय गं, तकलीफ हाये का?" म्हणाली, "न्हाई सर." मंग जरा थांबून म्हणाली, "ती डाली मायकडं अजून हायेत. तिनं सुतळी सोडून पुन्हा कोंबड्या झाकल्या." हसली. मी बी हसलो अन् घरी आलो. त्या हसण्याची मला आता शरम वाटते.

दोन हजार दोन. पोळ्याच्या आधीचा आठवडा. पहिला तास चालू व्हता, दारात पाटलाचा माणूस.

"गुरुजी, पंच म्हणून चला. संतरामच्या सुनेला स्टोव्हचा भडका झाला."

मी खडू टेबलावर ठेवला अन् निघालो.

प्रेत जीपनं औंढ्याला नेलेलं. जमादार ओसरीवर चहा पिऊन राहिला व्हता. दुसरा पंच पुंजाजी, आमच्या शाळेचा शिपाई, तो दारातच मान खाली घालून बसला. मी सैपाकघरात गेलो. शेणानं सारवलेली भुई. स्टोव्ह भिंतीजवळ आडवा पडलेला, टाकीची टोपी निघालेली. अन् जळाल्याची खूण स्टोव्हजवळ नव्हतीच. ती भुईच्या मधोमध व्हती, स्टोव्हपासून चार हात लांब. मधी बांगड्यांचे तुकडे. तिथून काळी खूण पुढं पसरत गेलेली, अन् तशीच मागं पसरत गेलेली. मधी कंबर. कमरेच्या दोन्ही अंगांना भुई कोरी, शेणाचा हिरवट रंग जसाच्या तसा, पावलाएवढा.

स्टोव्ह फुटला असता तर रॉकेल स्टोव्हभोवती चारीकडं उडालं असतं. इथं तिच्या अंगावर वरून ओतलं अन् ते पुढं-मागं सांडलं. बाजूला सांडलं न्हाई, काहून तर बाजूला कोणीतरी उभं व्हतं. धरून. मंग मागं सरकलं अन् काडी लावली. एक जण पाय फाकून उभा व्हता की दोघं दोन्हीकडून, ते मला सांगता यायचं न्हाई. पण ती एकटी नव्हती. हे मला एका क्षणात कळलं. तिनंच शिकवलेलं.

बाहेर आलो. जमादारानं कागद पुढं केला. आधीच लिहून तयार. मी वाचला. "मयताने स्टोव्ह पेटवताना भडका होऊन, स्टोव्हभोवती सुमारे चार फूट गोलाकार जळाल्याची खूण."

"गोलाकार?" मी म्हणालो.

जमादारानं वर पाहिलं. संतराम खाटेवर बसला व्हता, त्यानं बी पाहिलं. म्हणाला, "गुरुजी, तुमची बदलीची फाईल यंदा पुन्हा आली म्हणे. मीच थांबवली. म्हातारी माय हाये तुमची, कुठं जाल सेनगावच्या पल्याड?" एवढंच. आवाज सुद्धा चढवला न्हाई.

जमादार म्हणाला, "करा सही, पोस्टमार्टमला उशीर होऊन राहिला."

मी केली. सुंदर, वळणदार. खाली तारीख बी टाकली.

तितक्यात चतुराबाई आली. वाडीवरून पळत आलेली, पायात चप्पल न्हाई. ओसरीवर तिनं अंग टाकलं अन् जो टाहो फोडला तो मला अजून ऐकू येतो. बायांनी तिला धरली. आमच्याकडं रीत हाये, माणूस जिथं गेलं ती जागा सारवायची, वर पीठ पसरायचं, दिवा ठेवायचा अन् डालं झाकायचं. दुसऱ्या दिवशी डालं उचलून पाहायचं, पिठात पाऊल कोणाचं उमटलं. पाखराचं उमटलं तर जीव पाखराच्या जन्माला गेला. मी विज्ञानाचा मास्तर, अन् बौद्धाच्या घरचा. असल्या गोष्टींवर वर्गात किती वेळा हसलेलो.

मिराबाईनं शेणाची बादली आणली अन् चतुराबाईच्या पुढं ठेवली. "विहीणबाई, तुमच्याच हातानं सारवा. लेकीच्या जिवाला बरं वाटंल."

चतुराबाई उठली. सैपाकघरात गेली. आधी बांगड्यांचे तुकडे वेचून पदरात बांधले. मंग गुडघ्यावर बसून बादलीत हात घातला. मी दारात उभा व्हतो, तिच्यापासून दोन हातांवर. जमादार जीपकडं गेलेला. भुई माझ्या समोर व्हती, डमरू माझ्या समोर व्हता. तोंडून एक शब्द निघाला असता, "थांबा," तरी पुरं व्हतं. एक शब्द! पहिला हात तिनं डाव्या कोऱ्या जागेवरून फिरवला, दुसरा उजव्या. मंग पुढचा काळा भाग, मागचा काळा भाग. लई मायेनं सारवलं. एखाद्या लेकराला न्हाऊ घालावं तसं.

दुसऱ्या दिवशी डालं उचललं. बायका म्हणाल्या, चिमणीचं पाऊल हाये. चतुराबाई म्हणाली, "लेक माझी चिमणी झाली." तेवढ्यावर तिनं सुस्कारा सोडला.

दिवाळीनंतर माऊलीचं दुसरं लग्न लागलं. गावजेवण व्हतं. मी बी गेलो, जेवलो. मठ्ठा दोनदा मागितला. ऐकून घ्या, मी लपवत न्हाई.

हे दुसरं लग्न ऐकून चतुराबाईनं मात्र तक्रार केली. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सून जळून मेली तर कायदा सासरवर संशय घेतो, म्हणून संतराम, मिराबाई अन् माऊलीवर केस उभी राहिली. दोन वर्षांनी तारीख लागली, हिंगोलीला. तोवर माझी माय वारली व्हती. बदलीची भीती गेली अन् रातची झोप बी गेली. चतुराबाई शाळेत आली, खिडकीजवळ उभी राहिली. "गुरुजी, तुमी पंच व्हता. जे पाहिलं ते सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो. अन् खरंच ठरवलं.

कोर्टात पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलानं सही दाखवली, तुमचीच का? मी म्हणालो, "माझीच. पण वर लिहिलंय ते खोटं हाये." सगळं सांगितलं. स्टोव्ह कुठं, खूण कुठं, कंबर, दोन कोऱ्या जागा. ती एकटी असती तर खूण गोल पडली असती, हे बी सांगितलं. आवाज कापला न्हाई. संतराम मागच्या बाकावर व्हता, त्याचा रंग उडालेला पाहिला अन् मला लई बरं वाटलं. मनात म्हणालो, शीतल, पाहा गं.

मंग त्यांचा वकील उठला. तरुण, मवाळ बोलणारा.

"गुरुजी, आपण विज्ञान शिकवता. गोलाकार शब्दाचा अर्थ आपल्याला कळतो?"

"कळतो."

"पंचनामा वाचून सही केली?"

"व्हय."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?"

"तवा."

"ठीक आहे. ती खूण आज पाहायला मिळेल?"

"न्हाई. सारवली."

"कोणी सारवली? आरोपींनी?"

चतुराबाई समोरच बसली व्हती. हातात फडक्यात बांधलेली भाकर. माझ्यासाठी आणलेली, सकाळी तिनं सांगितलं व्हतं. मी वकिलाकडं पाहिलं, मंग न्यायाधीशांकडं. ते म्हणाले, "उत्तर द्या."

"तिच्या आईनं," मी म्हणालो.

"आपल्यासमोर?"

"व्हय."

"आपण हजर होता. खूण खुनाचा पुरावा आहे हे आपल्याला, आपल्याच म्हणण्याप्रमाणे, कळलं होतं. आपण त्या बाईंना थांबवलं?"

"न्हाई."

"का?"

मी भाकरीच्या फडक्याकडं पाहिलं. वकिलानं पुन्हा विचारलं. पंखा फिरून राहिला व्हता, तेवढाच आवाज.

"साक्षीदार गप्प आहे," वकील म्हणाला, "अशी नोंद व्हावी."

झाली नोंद. पुढं निकाल लागला, सगळे सुटले. पुंजाजीनं तर आपण काही पाहिलंच न्हाई म्हणून सांगितलं. ज्यानं पाहिलं त्याची सही उलटी. कोर्टाला काय दोष देऊ?

पण निकालाच्या आधीची गोष्ट सांगायची राहिली. साक्ष झाली त्या दिवशी मी स्टँडवर आलो. औंढ्याची गाडी लागायची व्हती. चतुराबाई बाकावर बसलेली. मला वाटलं शिव्या देईल, थुंकेल. शप्पथ सांगतो, थुंकली असती तर मी तिचे पाय धरले असते. तिनं फडकं सोडलं, भाकर माझ्या हातात ठेवली. अन् आपले दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून पाहत बसली.

"गुरुजी, खूण कशी व्हती? मला दाखवा."

मी बोटानं धुळीत काढली. पुढं, मागं, कंबर. तिनं कोऱ्या जागांवर बोट ठेवलं. "इथं त्यांचे पाय व्हते?"

"व्हय."

"मी पिठात लेकीचं पाऊल हुडकत बसले," ती म्हणाली, "अन् त्यांची पावलं ह्या हातांनी पुसली. तिचं बोलणंच पुसलं मी."

"बाई, तुमचा काय दोष..."

"तुमी दारात व्हता न्हवं? मी सारवत व्हते तवा?"

"व्हय."

"तुमाला कळलं व्हतं?"

"व्हय."

"मंग माझा हात काहून धरला न्हाई?"

गाडी लागली. लोक चढले. ती उत्तराची वाट पाहत माझ्याकडं बघत राहिली, गाडी निघेस्तोवर, अन् मंग उठून वाडीच्या जीपकडं गेली. मी भाकर हातात घेऊन तसाच बसलो.

आता मी रिटायर. छडी घरातच कोपऱ्यात हाये. चतुराबाईच्या त्या प्रश्नाला चार वर्षं झाली, माझा पेपर अजून कोराच हाये.